एका वेळी एकच दार: काम, घर, तब्येत, पैसा सगळं सांभाळून ध्येय कसं गाठायचं

पाडव्याला नाहीतर एक जानेवारीला वहीच्या पहिल्या पानावर आपण लिहितो, वजन कमी करायचं, सोसायटीचं कर्ज फेडायचं, पोरांच्या अभ्यासाकडे बघायचं, कन्नड वाचायला शिकायचं, आईबाबांना पंढरपूरला न्यायचं, कॉम्प्युटरचा कोर्स लावायचा, रोज पहाटे उठून चालायला जायचं. महिनाभर सगळंच थोडं थोडं होतंय, मग शिफ्ट बदलते नाहीतर भावकीत कुणाचं तरी लग्न निघतंय आणि वही कपाटात जाते ती पुढच्या पाडव्यालाच बाहेर येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही जा, हेच ऐकायला मिळतंय. आणि ही काय बसून खाणारी माणसं नव्हेत. पहाटे साडेपाचला उठून धारा काढून, डेअरीला दूध घालून, आठच्या शिफ्टला बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पोचणारी माणसं आहेत ही. त्यांना कुणी आळशी म्हटलं की मला राग येतो. अडचण यादीत असते.

आपल्याला वाटतंय की बॅलन्स म्हणजे रोज सगळ्याला सारखा वेळ द्यायचा. तसं कुणालाच जमत नाही. कडोली, येळ्ळूर बाजूला भाजीच्या वाफ्यांना पाणी पाजताना बघितलंय ना? विहिरीला पाणी असतंय तेवढंच, करंट असतोय तेवढेच तास, त्यात सगळ्या वाफ्यांची दारं एकदम उघडली तर शेवटपर्यंत एकालाही पाणी पोचत नाही. म्हणून एक दार उघडायचं, तो वाफा भिजला की ते बांधायचं आणि पुढचं उघडायचं. पण वाट बघणारा वाफा वाळून जाईल इतका वेळही लावायचा नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, एका हंगामात एकच ध्येय पुढं न्यायचं आणि बाकीच्या गोष्टींचा तळ ठरवून ठेवायचा, त्या तळाच्या खाली काहीही झालं तरी जायचं नाही. हे कसं करायचं ते आता सविस्तर सांगते.

आधी आठवडा मोजा

ध्येय लिहायच्या आधी एक आठवडा नुसतं लिहून ठेवा की वेळ कुठं गेला. काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. आठवड्याचे तास 168. खानापूरहून उद्यमबागेत फाउंड्रीत येणाऱ्या एका पोराचा हिशोब आम्ही बसून केला होता तो देते, म्हणजे अंदाज येईल. झोप रोज सात तास धरली तर 49. सहा दिवस आठ तासांची ड्यूटी, 48. बस, स्टँडवर थांबणं, उतरून चालत जाणं, परत तसंच, रोजचे अडीच तास, सहा दिवसांचे 15. आंघोळ, जेवण, गोठ्यातलं काम रोजचे तीन तास, 21. बेरीज 133, म्हणजे उरले 35. तो म्हणाला, "आक्का, पस्तीस कुठले, मला पाच पण मिळंनात." मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन रोज किती वेळ स्क्रीन चालू असतोय ते उघडून बघितलं, तीन तासाच्या वर होतं. म्हणजे आठवड्याचे 21 तिथंच गेले. राहिले 14, त्यात रविवार, बाजार, देऊळ, मित्र, पाहुणे सगळं आलं.

मग मुख्य ध्येयाला आठवड्याला पाच तास धरा, जास्त नको. पाच तास कमी वाटतात पण चार महिन्यांच्या हंगामात साधारण सतरा आठवडे असतात, म्हणजे 85 तास होतात. 85 तासात एक लिपी वाचायला शिकता येते, हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर हाताखाली येतंय, शिवणकामात ब्लाउज नीट कापता येतंय. रोज दोन तास काढीन म्हणून लिहिणारा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडतो, कारण दोन तास त्याच्याकडे नव्हतेच मुळात.

पैशाचं पण असंच, पण तिथं आठवडा पुरत नाही, पूर्ण महिना लिहा. किराणा, डिझेल-पेट्रोल, बचत संघाचा हप्ता, भिशी, मोबाईल रिचार्ज, आहेर. आहेराचा आकडा बघून बऱ्याच जणांना धक्का बसतोय, एप्रिल-मे मध्ये तर फारच.

तळ म्हणजे काय

आता पान उभं दुमडा आणि डाव्या बाजूला लिहा तब्येत, पैसा, घरची माणसं, काम नाहीतर शिक्षण, गाव आणि नाती, आणि शेवटी स्वतःला आवडतंय ते. उजव्या बाजूला प्रत्येकाच्या पुढं एकच ओळ, की कितीही धावपळ असली तरी याच्या खाली जाणार नाही. हा तळ मुद्दाम सोपा ठेवायचा, इतका सोपा की लगीनघाईच्या आठवड्यात पण होईल.

तब्येतीचा तळ मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेला आहे तोच धरा, आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटं दमछाक न होता पण श्वास वाढेल असं चालणं किंवा तसलं काम. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बेळगाव शहरात व्हॅक्सिन डेपो आहे, रेसकोर्सची बाजू आहे, किल्ल्याचा तलाव आहे, चालणाऱ्यांची गर्दी असते तिथं. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पाऊस, त्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला तर बाहेर पाय टाकता येत नाही, म्हणून पावसाळ्याचा तळ वेगळा लिहून ठेवा, घरातल्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सूर्यनमस्कार नाहीतर जागच्या जागी चालणं. हे आधी लिहिलं नाही तर पहिल्या झडीला जे थांबतंय ते दिवाळीपर्यंत थांबतंय. शेतात लावणीला, भांगलणीला जाणाऱ्या बाईनं वेगळं चालायला जायची गरज नाही, तिच्या तळात विश्रांती आणि वेळेवर जेवण लिहा. आणि तीस वर्षांच्या वर असाल तर बीपी, शुगर तपासून घेणं हे पण तळातच. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते, कुठलाही बहाणा नको.

पैशाच्या तळाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे कारण ध्येयं मोडतात ती बहुतेक इथं. घरात एक अपघात झाला की मुलीचं शिक्षण, घराचं छप्पर, सगळं एकदम थांबतंय. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला दोन लाख. पंतप्रधान जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये, 18 ते 50 वयात घ्यायचा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख, फक्त नवीन घेतलेल्याला पहिल्या तीस दिवसांत अपघात सोडून बाकी कारणाला मिळत नाहीत. दोन्ही मिळून वर्षाचे 456 रुपये, बँकेत खातं असलं की झालं. यांचं वर्ष 1 जूनला सुरू होतंय आणि पैसे मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापले जातात, तेव्हा नेमकी शाळेची फी, वह्या-पुस्तकं, बी-बियाणं यात खातं रिकामं असतंय आणि विमा बंद पडतो, घरात कुणाला कळतही नाही. म्हणून मे महिन्याच्या पानावर आत्ताच लिहा, खात्यात 500 रुपये ठेवायचे. हा तळ. त्याच्यावर मग तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असणं, ते एखाद्या हंगामाचं मुख्य ध्येय होऊ शकतंय, एकदम होणार नाही.

बायकांसाठी एक सांगते. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, आणि त्याच वर्षी गृहलक्ष्मी सुरू झाली, घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला 2000. हप्ता मागेपुढे होत असतोय, त्यामुळे त्याच्यावर घरखर्च टेकवू नका. पण आला की त्यातले 500 पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या ठेवीत, घालायचे. पोस्टात महिना 100 रुपयांपासून आरडी उघडता येते, मुदत पाच वर्षं. आणि ती आरडी तुमच्या नावावर असू दे. नवऱ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तुमचं पण एक ध्येय असावं आणि त्याला हक्काचे पैसे असावेत म्हणून.

घरच्या माणसांचा तळ म्हणजे दिवसातलं एक जेवण मोबाईल बाजूला ठेवून एकत्र. शिफ्टमुळे जमत नसेल तर रविवारचं. काम आणि शिक्षणाला तळ वेगळा सांगायला नको. गाव आणि नाती यात मात्र सगळीकडे जायलाच पाहिजे असं नसतंय. मयत आणि आजारपणाला जायचंच, बारसं, वास्तुशांती, एनगेजमेंट, हळद यातलं घरातलं एक माणूस गेलं तरी चालतंय. हे आधी ठरवून ठेवलं की दरवेळी घरात वाद होत नाहीत. आणि स्वतःला आवडतंय त्याचा तळ रिकामा सोडू नका. भजनी मंडळ असू दे, वाचनालयातून आणलेलं पुस्तक असू दे, हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव इथं साहित्य संमेलनं भरतात तिथं एक दिवस जाऊन बसणं असू दे. हे पान रिकामं ठेवणारी माणसं लवकर थकतात, हे मी खूप घरात बघितलंय.

मुख्य ध्येय कुठलं धरायचं

यादीत सात गोष्टी आहेत, त्यातली एक निवडायची. इथं बरेच जण अडकतात, कारण सगळंच महत्त्वाचं वाटतंय. मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, याला वयाची अट आहे का? असेल तर ते आधी. लष्कर भरतीची तयारी करणारा पोरगा मला म्हणतो की आधी दोन वर्षं गोव्याला जाऊन पैसे कमवतो मग ग्राउंड मारतो. मी त्याला सांगते, गोवा कुठं जात नाही, वय जातंय. मराठा रेजिमेंटचं सेंटर आपल्या शहरात आहे म्हणून या भागातल्या घराघरात हे स्वप्न असतंय, पण भरतीची वयाची अट कडक असते. हे फक्त भरतीलाच नाही. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतंय, वर्षाला 250 भरले तरी खातं चालू राहतंय. अटल पेन्शन 18 ते 40 मध्येच घेता येते, त्यात साठीनंतर महिना 1000 ते 5000 पेन्शन, आणि इन्कम टॅक्स भरणाऱ्याला 1 ऑक्टोबर 2022 पासून नवीन घेता येत नाही. अडतीस वर्षांचा माणूस "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला की त्याला वयाचा दाखला दाखवावा लागतोय.

दुसरा, हे न केल्यामुळे बाकीचं काय काय अडतंय? सावकाराचं किंवा जास्त व्याजाचं कर्ज असलं तर ते आधी, कारण ते दर महिन्याला दुसऱ्या सगळ्या ध्येयांचे पैसे खातंय. दुखणं अंगावर काढत असाल तर ते आधी. दोन-तीन कर्जं असतील तर ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते पहिलं फेडायचं, बाकीच्यांचे नुसते हप्ते चालू ठेवायचे. सोनं तारण ठेवून घेतलेलं असेल तर मुदत बघा, दागिना लिलावात गेला की घरातल्या बाईचं मन बसतंय ते लवकर उठत नाही.

तिसरा, हे मला पाहिजे आहे का शेजाऱ्याकडे आहे म्हणून पाहिजे आहे? स्लॅबचं घर या प्रश्नात बऱ्याचदा सापडतंय. कौलारू घर चांगलं धडधाकट असताना नुसतं गल्लीत सगळ्यांचं आरसीसी झालं म्हणून कर्ज काढून बांधायचं आणि मग वीस वर्षं हप्ते भरायचे, त्यात मुलीचं पीयूसीनंतरचं, म्हणजे बारावीनंतरचं, शिक्षण राहून जातंय. मला हे बघवत नाही.

वर्ष जानेवारीला सुरू होत नाही आपलं

आपल्याकडचं वर्ष तीन हंगामांचं आहे. जूनला शाळा सुरू होते, मृग निघतोय, पेरण्या-लावणी, मग गणपती. दसऱ्यापासून सुगी, दिवाळी, ऊसतोड, थंडी. फेब्रुवारीपासून परीक्षा, यात्रा, लग्नसराई, मे महिन्याची सुट्टी. ध्येय या हंगामाला धरून लावा. शेतकरी घरात जूनमध्ये क्लास लावायचा म्हटलं की तो बुडणारच. फेब्रुवारी ते मे हा शिकायला आणि बचतीला सगळ्यात वाईट काळ, तेव्हा मुख्य ध्येय हलकं ठेवा. दसरा ते जानेवारी चांगला, हवा चांगली, हातात जरा पैसे असतात, रात्री मोठ्या.

आणि सुरुवात कुठल्यातरी सणाला करा. 2014 मध्ये अमेरिकेत दाई, मिल्कमन आणि रीस या तिघांनी अभ्यास करून दाखवलं की आठवड्याचा पहिला दिवस, महिन्याचा पहिला दिवस, वाढदिवस असल्या दिवसांनंतर माणसं नवीन ध्येयाकडे जास्त वळतात. आपल्याकडे तर साडेतीन मुहूर्त आहेतच, पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा. ते सोनं घ्यायलाच कशाला वापरायचे.

लिहायचं असं

लॉक आणि लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं ध्येय कसं ठेवावं यावर अभ्यास केला आणि त्यातून हे पक्कं दिसलं की "जमेल तेवढं करीन" म्हणणाऱ्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय ठेवणारा पुढं जातो. ऑफिसात ट्रेनिंगला स्मार्ट गोल म्हणून सांगतात ते 1981 मध्ये डोरान नावाच्या माणसाने लिहिलेल्या एका लेखातून आलंय, नेमकं, मोजता येणारं, मुदत असलेलं वगैरे. तेवढं पाठ करायची गरज नाही. एकच परीक्षा लावा, दसऱ्याला दुसरं कुणीतरी तुमची वही बघून हो किंवा नाही सांगू शकतंय का? सांगू शकत असेल तर ध्येय नीट लिहिलंय.

एक जवळून बघितलेलं सांगते. चंदगडकडून लग्न होऊन उचगाव बाजूच्या एका गावात आलेली एक वहिनी आहे. कन्नड कानावर पडून पडून बोलायला बऱ्यापैकी येतंय पण वाचायला नाही, कारण शाळा महाराष्ट्रात झाली. शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढली की दुसऱ्याला विचारावं लागतंय, हेस्कॉमचं म्हणजे लाईटचं बिल आलं की दुसऱ्याला, बसचा बोर्ड पण. तिच्या वहीत आधी होतं "कन्नड शिकायचं". ते आम्ही बदललं, "दसऱ्यापर्यंत बसचा बोर्ड, लाईट बिल आणि आमच्या सर्व्हे नंबरची पहाणी कुणाला न विचारता वाचायची." लगेच सगळं सोपं झालं, कारण आता काय शिकायचं आणि काय सोडायचं ते कळलं. व्याकरण सोडलं, निबंध सोडला, फक्त वाचणं.

तिची पद्धत पण सांगून टाकते, बऱ्याच जणींना उपयोगी पडेल. कन्नडची वर्णमाला आपल्यासारखीच लागते, अ आ इ ई, मग क ख ग घ, त्यामुळे क्रम नवीन पाठ करायचा नाही, फक्त आकार ओळखायचे. वेगळं एवढंच की ए आणि ओ हे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली किंवा बाजूला खाली लागून येतंय. ती रोज चार अक्षरं घ्यायची, पोराच्या पहिलीच्या कन्नड पुस्तकातनं, आणि कागद गॅसच्या मागच्या फरशीला चिकटवायची. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत तेच वाचायचं. बाजाराच्या दिवशी बेळगावला आली की बसस्थानकावर उभी राहून बोर्ड वाचायचे, खानापूर, गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, ही नावं माहितीच असतात म्हणून अक्षरं जुळवायला सोपी जातात. गणपतीच्या आधीच तिला बिल वाचता यायला लागलं. पहाणीला वेळ लागला, त्यातले सरकारी शब्द वेगळे असतात, तलाठ्याच्या ऑफिसात जाऊन एकेका रकान्याचं नाव विचारून वहीत मराठीत लिहून घेतलं तिनं.

कुकरचं जे सांगितलं ते उगाच नाही. पीटर गोल्विट्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1999 मध्ये मांडलंय की "अमुक झालं की तमुक करीन" असं आधी ठरवून ठेवलेलं ध्येय नुसत्या इच्छेपेक्षा जास्त पूर्ण होतंय. म्हणून घड्याळाची वेळ लिहू नका, घड्याळाला आपल्या घरात कोण विचारतंय. रोज हमखास होणाऱ्या कामाला बांधा. दूध घालून आलो की सायकल न ठेवता तसंच पुढं चक्कर. शिफ्ट सुटून बसमध्ये बसलो की फोनवर रीलऐवजी कोर्सचा एक व्हिडिओ. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की चहा प्यायच्या आधी आरडीचे पैसे पाठवायचे.

सवय किती दिवसात लागते यावर 21 दिवसांचं लई ऐकू येतंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबत्यांनी 96 जणांवर बघितलं, तर सरासरी 66 दिवस आले, आणि माणसामाणसात फरक 18 ते 254 दिवसांचा. त्यातच असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून लग्नाला चार दिवस गेले आणि चालणं बुडलं म्हणून "आता गेलंच सगळं" म्हणायचं काही कारण नाही, परत आल्यावर दुसऱ्या सकाळी सुरू.

गावची यात्रा, आणि तसलेच खर्च

माणूस अंदाज करताना नेहमी कमी वेळ आणि कमी खर्च धरतो, कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हे लिहून ठेवलंय. माझा साधा नियम, वेळ आणि पैसा दोन्ही दीडपट धरा.

पण आपल्याकडे एक खर्च असा आहे की त्याला दीडपट पण पुरत नाही, तो म्हणजे गावची लक्ष्मी यात्रा. वर्षानुवर्षांनी येते, लेकी-सुना, पाहुणे, मित्रमंडळी सगळं गाव भरून जातंय, घराला रंग, वर्गणी, जेवणावळी, लेकींना साड्या. मी यात्रेच्या विरोधात अजिबात नाही, माहेरवाशिणींना त्या दिवसांची किती ओढ असते हे मला माहीत आहे, आणि गाव एकत्र येतंय ते यामुळेच. पण यात्रेसाठी काढलेलं कर्ज फेडण्यात पुढची चार-पाच वर्षं गेलेली घरं पण मी बघितलीत, त्यात पोराचं डिप्लोमा अर्धवट राहिलेलं. यात्रा ठरते तेव्हा हातात बऱ्यापैकी वेळ असतो. त्याच दिवशी घरात बसून आकडा ठरवा. समजा 60,000 आणि हातात वीस महिने, तर महिना 3,000 वेगळ्या खात्यात. महिना 3,000 जमत नसतील तर त्याचा अर्थ 60,000 ची यात्रा आपल्याला झेपत नाही, पाहुण्यांची यादी आत्ताच छोटी करायची, यात्रेच्या आठवड्यात नाही. ज्या हंगामात यात्रा त्या हंगामाचं मुख्य ध्येय यात्राच, दुसरं काही धरू नका.

घरात बोलल्याशिवाय काही होत नाही

एकट्याने बॅलन्स करता येत नाही. नवऱ्यानं ओव्हरटाइम धरला की त्याच्या वाटचं गोठ्यातलं काम कुणाकडं जातंय? बायकोकडं नाहीतर आईकडं. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी रविवारी जेवण झाल्यावर सगळ्यांनी बसायचं, ज्यानं त्यानं आपलं एक ध्येय सांगायचं, आणि त्यासाठी दुसऱ्याकडून काय पाहिजे ते पण. सुनेनं सासूबाईंना सरळ विचारावं, "आत्या, मंगळवार-शुक्रवार मला शिवणक्लासला जायचंय, संध्याकाळची भाकरी तुम्ही बघाल का, मी सकाळचं सगळं करून ठेवते." बहुतेक आत्या हो म्हणतात हो. त्यांना राग येतो तो न विचारता ठरवल्याचा. आणि आत्यांचं पण ध्येय विचारा, कुणी विचारलेलंच नसतंय आयुष्यात. एकीनं सांगितलं होतं, मला एटीएममधून माझे पैसे मला काढता आले पाहिजेत. दोन आठवड्यात नातवानं शिकवलं.

नवरा-बायको दोघांची मुख्य ध्येयं एकाच हंगामात जड नकोत. तो आयटीआयची परीक्षा देणार असेल तर तिनं त्या हंगामात हलकं धरावं, आणि पुढच्या हंगामात उलट. हे "उलट" लिहून ठेवा, तारखेसकट. बायकांची पाळी पुढं पुढं ढकलली जाते, हे मला सगळ्यात जास्त लागतंय.

हिशोब बघायचा दिवस

महिन्यातून एकदा वही उघडायची. आपल्याकडे अमावस्येला गाड्या धुतात, मशीन पुसून पूजा करतात, दुकानात लिंबू-मिरची बदलतात, मग त्याच दिवशी वही पण. पंधरा मिनिटं पुरेत. मुख्य ध्येय किती पुढं गेलं, आणि कुठला तळ फुटला का. तळ फुटला असेल तर मुख्य ध्येय पुढचे दोन आठवडे अर्ध्यावर आणायचं आणि आधी तळ भरायचा. झोप पाच तासांवर आली आहे आणि ओव्हरटाइमचा आकडा छान दिसतोय, तर तो आकडा खोटा आहे, पुढं डॉक्टरकडं द्यावाच लागणार.

दोन अमावस्या लागोपाठ मुख्य ध्येय जागचं हललंच नाही तर ते सोडून द्यायला किंवा छोटं करायला लाजू नका. सोडताना एक ओळ लिहा, का सोडलं. वेळ नव्हता, पैसे नव्हते का मनातच नव्हतं. पुढच्या वेळी निवडताना ही ओळ फार कामाला येते.

एक प्रश्न मला हमखास येतोय, दोन ध्येयं एकदम धरली तर चालतील का. चालतील, पण दोघांना लागणारी गोष्ट वेगळी असली पाहिजे. एकाला वेळ लागतोय आणि दुसऱ्याला नुसते पैसे, उदाहरणार्थ कन्नड शिकणं आणि महिना 500 ची आरडी, ही जोडी आरामात चालते. दोघांना वेळच पाहिजे असेल, जसं की भरतीचं ग्राउंड आणि पदवीची परीक्षा, तर सकाळ एकाला आणि रात्र दुसऱ्याला अशी वाटणी करून बघा, पण एक महिनाच. अमावस्येला वहीत दोन्ही अर्धवट दिसली तर वयाची अट ज्याला आहे ते ठेवा आणि दुसऱ्याची फी भरायच्या आधी थांबा.